नववीच्या वर्गात लुटुपुटूची कंपनी: भांडवल, हिशेब आणि फेऱ्या कशा बसवायच्या?

कार्यानुभव_नववी

नमस्कार. तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची शाळा. नववीच्या तुकडीत ४२ मुलं-मुली. आठवड्यातून एक जोडतासिका, म्हणजे सलग ७० मिनिटं, उद्योजकतेसाठी मिळाली आहे. जुलैपासून धरलं तर साधारण १२ आठवडे हातात येतात.

शाळेत दरवर्षी आनंदनगरी भरते. भेळ, वडापाव, ताक, सगळं हातोहात संपतं आणि प्रत्येक गट वहीत भरघोस नफा लिहितो. पण चुरमुरे, तेल, गॅस घरचा, कांदा आईने चिरलेला, टेबल शाळेचं. गल्ल्यात जमलं तेवढा नफा, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ही समजूत काढून टाकायची आहे. म्हणून वर्गातच कंपन्या काढून त्या काही आठवडे चालवायचा विचार आहे.

अनुभवी मंडळींना चार गोष्टी विचारायच्या आहेत. पैसे खरे घ्यावेत की खेळातले? वस्तू खरंच बनवून घ्यावी की सगळं कागदावरच? ४२ जणांना एकाच वेळी काम कसं पुरवायचं? आणि गुण कशावर द्यायचे? नफ्यावर दिले तर कॉपी आणि भांडणं दोन्ही होतील अशी भीती वाटते.

---

पाठकोरा

ताई, मुलांना विकायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना येतं. जो खर्च डोळ्यांना दिसत नाही तो मोजायला शिकवावं लागतं. म्हणून खेळ असा रचा की त्यात एकही गोष्ट फुकट मिळणार नाही. कागद विकत, कात्री भाड्याने, बसायच्या बाकाचं भाडं, काम करणाऱ्याला पगार. डिंकाचेसुद्धा पैसे.

पैसा खेळातला ठेवा, वस्तू मात्र खरी बनवून घ्या. 'आम्ही १०० नग तयार केले' असं नुसतं कागदावर लिहायचं असेल तर नासाडी होत नाही, उशीर होत नाही, माप चुकत नाही, आणि धंद्यात बुडवणाऱ्या गोष्टी नेमक्या याच असतात.

वस्तू म्हणून पाकीट उत्तम. कच्चा माल म्हणजे शाळेतले पाठकोरे कागद. सात फेऱ्यांना, म्हणजे सात आठवड्यांच्या धंद्याला, सरावासकट हजारभर लागतात. गठ्ठा वर्गात आणण्यापूर्वी तुम्ही स्वतः चाळून घ्या. कार्यालयातून आलेल्या कागदांत मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे फोन, गुणपत्रकं असतात. ती बाजूला काढा.

कृती अशी. ए-फोर कागद २१ × २९.७ सेंमीचा असतो. त्यातून २१ सेंमीचा चौरस कापायचा. चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून दुमडले की १४.८ सेंमी बाजूचं पाकीट होतं. वरचा कोपरा मोकळा सोडायचा आणि बाकीचे तीन जिथे भेटतात तिथे ४ सेंमीचं चौकोनी लेबल चिकटवायचं. लेबलची वरची कड मध्यबिंदूला टेकली पाहिजे. ते अर्धा सेंमी जरी वर सरकलं तरी पाकिटाचं तोंड बंद होतं आणि नग बाद. पहिल्या फेरीत सर्वांत जास्त माल इथेच बाद होतो. दुसरं कारण म्हणजे चौरस काटकोनात न कापणं. अशा पाकिटाचे कोपरे मध्यावर भेटत नाहीत, फट राहते.

आता यातली खरी गंमत. चौरस कापल्यावर ८.७ × २१ सेंमीची पट्टी उरते. मुलं ती सरळ टोपलीत टाकतात आणि लेबलं व्यापाऱ्याकडून एक रुपयाला एक अशी विकत आणतात. त्या एका पट्टीतून ४ सेंमीची दहा लेबलं निघतात. हे आधी सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कुणाच्या तरी लक्षात येतंच, आणि तोवर टोपलीत गेलेल्या पट्ट्यांचा हिशेब काढायला लावा.

दर असे ठेवा. कागद ४ रुपये. बाकाचं भाडं फेरीला १०. सहा जणांचा पगार प्रत्येकी ५, म्हणजे ३०. दोन कात्र्या प्रत्येकी ४, दोन मोजपट्ट्या प्रत्येकी २ आणि डिंक २, मिळून १४. म्हणजे एकही पाकीट न बनवता फेरीला ५४ रुपये गेलेच. पाकीट १० रुपयांना विकलं तर कागदाचे ४ वजा जाऊन ६ उरतात. ५४ भागिले ६, म्हणजे नववं पाकीट विकलं जाईपर्यंत कंपनी फक्त भाडं आणि पगार फेडते. दहाव्यापासून नफा. लेबल विकत घेणाऱ्या कंपनीला पाकिटामागे ५ च उरतात, तिला अकरा पाकिटं विकावी लागतात. हे गणित फळ्यावर सोडवून दाखवू नका, पहिल्या फेरीनंतर मुलांकडूनच काढून घ्या.

४२ जणांचं असं बसतं: सात-सात जणांच्या सहा कंपन्या. दर आठवड्याला प्रत्येक कंपनीचा एक सभासद 'बाजारात' जातो. हे सहा जण दोन बँकेत, दोन घाऊक व्यापाऱ्याकडे, दोन ग्राहकाच्या टेबलावर. उरलेल्या सहांत व्यवस्थापक एक, खरेदी एक, विक्री एक, हिशेबनीस एक, उत्पादनाला दोघं. सात फेऱ्यांत प्रत्येकाची बाजाराची पाळी बरोबर एकदा येते. ग्राहकाच्या टेबलावर असलेल्याने स्वतःच्या कंपनीचा माल तपासायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहा.

तपासणी नजरेने करू नका, वाद होतात. पुठ्ठ्यात १५ सेंमी आणि १४.६ सेंमी अशा दोन चौकोनी खिडक्या कापून ठेवा. मोठ्या खिडकीतून गेलं आणि लहानीतून गेलं नाही, तर माप बरोबर.

७० मिनिटांची वाटणी: नियोजन आणि खरेदीला १०, उत्पादनाला २०, निविदा-तपासणी-विक्रीला १०, पैसे चुकते करायला ५, हिशेबाला १५, शेवटची १० मिनिटं चर्चा. उत्पादन लांबलं की मुलं हिशेबाची वेळ खातात. म्हणून २० मिनिटं झाली की कात्र्या परत गोळा करायच्या, अर्धवट पाकीट असलं तरी. ते पाकीट पुढच्या फेरीचा अर्धवट माल म्हणून नोंदवता येतं.

विक्री बंद पाकिटातल्या निविदेने. प्रत्येक कंपनी चिठ्ठीवर नगांची संख्या आणि दर लिहून देते. कमाल दर १२. ग्राहक सर्वांत कमी दरापासून घेत जातो, त्या दिवशीची मागणी संपली की थांबतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मागणी ९० ठेवा, म्हणजे बहुतेकांचा माल जाईल आणि मुलं हुरूप धरतील. तिसऱ्यापासून ६० ते ७५ वर आणा. इथून दराची चढाओढ सुरू होते, आणि ७ रुपयांना माल फुंकणारी कंपनी सगळा माल विकूनही तोट्यात का गेली हे वर्गाला दिसतं. सांगावं लागत नाही.

भांडवल प्रत्येक सभासदाचा २० रुपयांचा एक समभाग, म्हणजे कंपनीचे १४०. बँकेचं कर्ज १०० पर्यंत, फेरीला ५ टक्के व्याज. कर्ज तोंडी मागितलं तर द्यायचं नाही. कशासाठी हवं, कुठल्या फेरीला परत, एवढं दोन ओळींत लिहून आणायला लावा.

नोटा एकूण २,५०० रुपयांच्या पुरतात: १०० च्या ५, ५० च्या १२, २० च्या ३०, १० च्या ५०, ५ च्या ४०, २ च्या ३० आणि १ च्या ४०. फक्त २०० च्या वरची रक्कम प्रत्येक कंपनीने बँकेत पासबुकावर ठेवायची, नाहीतर चौथ्या-पाचव्या फेरीला ग्राहकाकडे द्यायला नोटाच उरत नाहीत. नोटा रंगीत कार्डपेपरवर शाळेच्या नावाने काढा, मागे शिक्का आणि तुमची सही. खऱ्या नोटेसारखं दिसणारं काही छापू नका, झेरॉक्सही नको. तो कायद्याने गुन्हा आहे.

---

किर्द_खतावणी

वरची मांडणी छान आहे. मी हिशेबाच्या बाजूने भर घालतो, कारण असे उपक्रम बहुतेक वेळा तिथे ढेपाळतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाकिटं सुरेख होऊ लागतात आणि वह्या कोऱ्या राहतात.

नववीला दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत, शिकवायला जाऊ नका. चार कागद पुरे. एक, रोकडवही: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. दोन, मालसाठ्याचं पान: कागद किती आले, किती वापरले, किती बाद, तयार पाकिटं किती, विकली किती. तीन, बिलबुक: दोन प्रतींत, कार्बन पेपर घालून. एक प्रत ग्राहकाला, एक स्वतःकडे. चार, फेरीचा नफा-तोटा, अर्ध्या पानावर. बिलाशिवाय व्यापाऱ्याने माल द्यायचा नाही आणि ग्राहकाने पैसे द्यायचे नाहीत. बिलावर क्रमांक, तारीख, नग, दर, एकूण आणि सही, यातलं एकही नसलं तर ते परत करायचं. पहिल्या फेरीत निम्मी बिलं परत येतील. येऊ द्या, तुम्ही दुरुस्त करून देऊ नका.

दर फेरीच्या शेवटी डबीतली रोकड मोजून वहीच्या शिल्लकेशी ताळा पाहायचा. जुळलं नाही तर पुढच्या फेरीत खरेदी बंद, जोवर फरक सापडत नाही तोवर. हा नियम कडक वाटेल, पण याच्यामुळेच हिशेबनिसाच्या शेजारी बाकीचे पाच जण येऊन बसतात. फरक बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो: पगार दिला पण लिहिला नाही, किंवा बाद झालेल्या नगांचे पैसेही जमा धरले. तिसरी चूक रोकडीच्या ताळ्यात सापडत नाही: कर्ज आलेलं उत्पन्न म्हणून लिहिलं.

ही तिसरी चूक जाणून घेण्यासारखी आहे. समभागाचे १४० आणि कर्जाचे १०० मुलं विक्रीच्याच रांगेत लिहितात आणि पहिल्याच फेरीला दोनशेवर नफा दाखवतात. रोकडवहीत या दोन नोंदी लाल शाईने करायला लावा. नफा-तोट्याच्या पानावर लाल आकडा येता कामा नये.

दुसरी ठरलेली चूक न विकलेल्या मालाची. समजा आठ पाकिटं उरली. मुलं ८ गुणिले १० असे ८० रुपये नफ्यात धरतात. माल विकला जाईपर्यंत तो लागत मूल्याने, म्हणजे बनवायला आलेल्या खर्चानेच धरायचा. इथे सोपं म्हणून फक्त कागदाचे ४ धरा, म्हणजे ३२. आणि बाजारभाव लागत मूल्याच्याही खाली गेला असेल तर तो कमी आकडा धरायचा. खऱ्या धंद्यातही हाच नियम आहे.

उधारी मात्र जरूर आणा, पण पाचव्या फेरीनंतर. ती अशी: पाचव्या फेरीच्या शेवटी ग्राहक ३० पाकिटांची मोठी ऑर्डर जाहीर करतो, दर १०. माल सहाव्या फेरीत द्यायचा, पैसे सातव्या फेरीत मिळणार. ही ऑर्डर घेणाऱ्या कंपनीचं सहाव्या फेरीचं पान बघा. कागद १२०, ठरलेला खर्च ५४, एकूण १७४. बिल ३०० चं. नफा १२६, आतापर्यंतचा सर्वांत मोठा. आणि डबीतून १७४ गेले, आला एकही रुपया नाही. ज्यांनी आधी १५० च शिल्लक ठेवले होते त्यांना पगार द्यायला पैसे कमी पडतात. नफा आहे आणि पैसे नाहीत, ही गोष्ट व्याख्यानाने समजत नाही, या एका पानाने समजते. त्या दिवशी चर्चेची दहा मिनिटं वीस करा, बाकी काही कापावं लागलं तरी चालेल.

जीएसटी आणावा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत नको. मालाच्या व्यापारात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. मुलांच्या पाकिटांना तो लावून हिशेब किचकट करण्यात अर्थ नाही.

---

डोनाउकाठ

मी व्हिएन्नात असते. इथल्या वाणिज्य शाळांत हा प्रकार अभ्यासक्रमाचाच भाग आहे, म्हणून थोडी माहिती. जर्मन शब्द 'यूबुंग्सफिर्मा', सरावाची कंपनी. ऑस्ट्रियातल्या पाच वर्षांच्या 'हांडेल्सआकाडेमी'त प्रत्येक विद्यार्थ्याला ती करावीच लागते. शाळेत एक खोली कार्यालयासारखी मांडलेली असते: खरेदी, विक्री, हिशेब, कर्मचारी असे विभाग. माल आणि पैसा दोन्ही काल्पनिक, पण पत्रव्यवहार, बिलं, पगारपत्रकं अगदी खऱ्यासारखी. एका शाळेची कंपनी दुसऱ्या शाळेच्या कंपनीला माल विकते, परदेशातल्यांनाही. बँक, कर कार्यालय, कंपनी नोंदणी ही कामं एक मध्यवर्ती कार्यालय खेळातल्या खेळात करतं. खरी एखादी कंपनी भागीदार म्हणून मागे असते, तिचा कॅटलॉग आणि दर वापरले जातात. यांच्या व्यापारी जत्राही भरतात. या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचं केंद्र जर्मनीत एसेनला. न्यूयॉर्कच्या शाळांनी हीच पद्धत उचलून १९९६ मध्ये 'व्हर्च्युअल एंटरप्रायझेस' सुरू केलं.

पण ताई, हे जसंच्या तसं उचलू नका. इथल्या कंपनीत उत्पादन नसतंच, ती कार्यालयीन कामाची तालीम आहे. शिवाय सगळे ग्राहक म्हणजे सरावाच्याच कंपन्या, त्यामुळे नको असलेला मालही एकमेकांकडून घेतला जातो. मागणीची कसोटी अशा व्यवहारात कच्ची राहते. तुमच्या निविदेच्या टेबलावर ती जास्त चांगली लागेल.

तीन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. पहिली, पदासाठी अर्ज. व्यवस्थापक वर्गाने निवडून दिला तर तो लोकप्रिय मुलगा असतो, आणि हिशेब व सजावट मुलींकडे जाते. प्रत्येकाने दोन पदांसाठी पाच ओळींचा अर्ज लिहावा. एकाच पदाला दोन अर्ज सारखे चांगले असतील तर चिठ्ठी टाकावी.

दुसरी, पदांची अदलाबदल आणि कार्यभाराचं पान. चौथ्या फेरीनंतर सगळ्यांची कामं बदला. जुन्याने नव्यासाठी एक पान लिहून ठेवायचं: कुठले कागद कुठे आहेत, कुणाचं किती देणं-येणं आहे, पुढच्या फेरीत काय करायचं ठरलंय. हे पान वाचून नवा माणूस काम करू शकला नाही तर दोष जुन्याचा. हुशार मूल सगळं एकटं करतंय आणि बाकीचे बघतायत, हा तुमच्याही वर्गात येणारच असा प्रश्न आहे, आणि त्यावर यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. गैरहजेरीलाही हेच पान कामी येतं.

तिसरी, बाहेरच्या शाळेशी व्यवहार. शेजारच्या गावातली एखादी शाळा तयार झाली तर एक फेरी त्यांच्याशी पत्राने करा. मागणीपत्र त्यांनी पाठवायचं, दरपत्रक तुम्ही. पत्र पोचायला लागणारे दोन-तीन दिवस आणि 'आपला माल मापात नाही' असं परक्या माणसाचं उत्तर, या दोन्हींचा मुलांवर शिक्षकांच्या सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणाम होतो.

---

गावठाण_तंत्र

एक विरोधी मत नोंदवतो, राग नसावा. खेळातल्या पैशात घाम नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' सुरू झाला तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांना डोईमागे २,००० रुपये खरं बीजभांडवल दिलं गेलं. आपल्याकडे त्याही कितीतरी आधी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं प्रत्यक्ष काम करत शिकतात: वेल्डिंग, वीजजोडणी, शेती. गावाला लागणाऱ्या सेवा देता देता शिक्षण, हा त्यामागचा विचार. स्काउट-गाइडची 'खरी कमाई' तर सगळ्यांना माहीत आहे. समोरचा माणूस स्वतःच्या खिशातले दहा रुपये काढताना जे प्रश्न विचारतो ते वर्गातला ग्राहक विचारत नाही.

तरीही नववीला थेट खरे पैसे द्या असं मी म्हणणार नाही. खऱ्या पैशात चूक एकदाच करता येते, खेळात सात वेळा. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार ग्राह्य नाही, त्यामुळे खरी खरेदी-विक्री शिक्षकाच्या किंवा शाळेच्या नावानेच करावी लागते आणि पैसे बुडाले तर पालकांना उत्तर द्यायला तुम्हीच. तेव्हा क्रम असा लावा: पावसाळ्यात खेळ, हिवाळ्यात आनंदनगरी, आणि आनंदनगरीला याच चार कागदांची सक्ती.

उदाहरण भेळेचंच घेऊ, आकडे मानलेले. २० रुपयांच्या ४० प्लेट, गल्ल्यात ८००. मुलं द्रोण-चमच्यांचे ६० वजा करून ७४० नफा लिहितात, कारण तेवढेच विकत आणलेले असतात. आता घरून आणलेला प्रत्येक जिन्नस दुकानच्या भावाने लिहायला लावा. पिशवीतून चुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ, कांदे बाहेर काढायचे, तराजूवर ठेवायचे, वहीत लिहायचे. समजा ४६० झाले. आईचे तीन तास, तासाला ५० प्रमाणे १५०. टेबलाचं भाडं ५०. एकूण खर्च ७२०, नफा ८०. ते १५० रुपये घरी जाऊन आईच्या हातात ठेवायचे आणि वहीवर तिची सही आणायची. ही सही मी ऐच्छिक ठेवणार नाही.

जाता जाता: पाठकोऱ्या कागदाची पाकिटं बाहेर विकायची झाली तर खाण्याच्या वस्तूंसाठी देऊ नका. छपाईची शाई अन्नाला लागता कामा नये.

---

कार्यानुभव_नववी

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीतली लेबलं आणि तीस पाकिटांची उधारी, दोन्ही घेतेच. अजून तीन शंका. एखादी कंपनी तिसऱ्याच फेरीत बुडाली तर ते सहा-सात जण पुढचे चार आठवडे काय करतील? शेवटची फेरी कुठली हे मुलांना माहीत असणार, मग ते शेवटी माल साठवणं किंवा फुंकणं असं काही करतील का? आणि गुणांचं राहिलंच.

---

पाठकोरा

बुडालेल्या कंपनीला कर्ज माफ करू नका. एकदा माफी मिळाली की पुढच्या फेरीला तीन कंपन्या रांगेत उभ्या राहतात. बँक आणखी ५० देईल, पण व्याज १० टक्के आणि लेखी योजना हवी: खर्च कुठे कमी करणार, किती नग, काय दर. तेही जमलं नाही तर ती कंपनी मजुरीवर काम घेते. दुसऱ्या कंपनीचा कागद, यांची मेहनत, पाकिटामागे ३ रुपये. विक्रीचा धोका नाही, कागदाचा खर्च नाही, पण भाडं, अवजारं आणि पगार मिळून ५४ चुकत नाहीत, म्हणजे निभावायला १८ पाकिटं करावी लागतात. बाद झालेल्या नगाची मजुरी नाही. मोठी ऑर्डर घेतलेल्या कंपनीला सहाव्या फेरीत हेच हात लागतात, त्यामुळे तेव्हा दर ३ वरून ४ करून मागायला त्यांना सुचवा.

शेवटच्या फेरीबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. काही कंपन्या सहाव्या फेरीपासून कागद घेणं थांबवतात, काही उरलेला माल ५ रुपयांना फुंकतात. उपाय म्हणजे शेवटी कुठल्या मालाचं काय मूल्य धरलं जाईल ते पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून टाकणं. न वापरलेला कागद २ रुपये, न विकलेलं मापातलं पाकीट ३ रुपये. मग साठवणं आणि फुंकणं दोन्हीला अर्थ उरत नाही, हिशेबाने वागावं लागतं.

अकराव्या आठवड्यात ताळेबंद. समजा एका कंपनीकडे रोकड आणि बँक मिळून २५८, पाकिटं ६ म्हणजे १८, कागद १० म्हणजे २०, आणि कर्ज १०० बाकी. देणं वजा जाता १९६ उरले. सात समभाग, प्रत्येकी २८. वीस रुपयांचा समभाग अठ्ठावीस झाला. प्रत्येकाने हा भागाकार स्वतः करायचा. बाराव्या आठवड्यात भागधारकांची सभा: प्रत्येक कंपनीला सात मिनिटं, आणि प्रश्न दुसऱ्या कंपनीच्या हिशेबनिसाने विचारायचे, तेही वही समोर ठेवून. 'तिसऱ्या फेरीला ११ पाकिटं बाद झाली, त्यांचे ४४ रुपये कुठल्या पानावर आहेत?' असे प्रश्न यायला हवेत. आधीच्या आठवड्यात वह्या अदलाबदल करून दिल्या तरच येतात.

पहिले तीन आठवडे तयारीचे धरा. पहिल्यात प्रत्येकाने पाच पाकिटं करायची आणि घड्याळ लावून वेळ लिहायची. दुसऱ्यात रोकडवहीचा सराव, फळ्यावर दहा व्यवहार देऊन. तिसऱ्यात पदांचे अर्ज, समभाग, कर्जाची पत्रं. त्यानंतर सात फेऱ्या आणि हे दोन, झाले बारा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर गणपतीच्या सुट्टीत एक आठवडा जातो, तो फेरीच्या मधे येऊ देऊ नका. उधारीच्या ऑर्डरच्या मधे तर मुळीच नको, मुलं येणं विसरून जातात.

गुण ५० पैकी: वही आणि ताळा २०, बिलं आणि मालसाठ्याचं पान १०, कार्यभाराचं पान १०, तोंडी प्रश्न १०. नफ्याला शून्य, आणि हेही पहिल्याच दिवशी सांगा. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या कंपनीचा कुठला निर्णय महाग पडला, आणि किती रुपयांना? आकडा वहीतून काढून दाखवला तर पूर्ण गुण, नुसतं 'आम्ही जास्त कागद घेतला' म्हटलं तर निम्मे.

---

किर्द_खतावणी

एक राहिलं. तोंडी परीक्षेला हिशेबनिसाशिवाय दुसऱ्या कुणाकडूनही वही वाचून घ्या. आणि खोडरबर बंद: चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. खाडाखोड केलेलं पान ताळ्याला घ्यायचं नाही. पेन्सिल मुळातच वर्गात येऊ देऊ नका, पाकिटाच्या खुणांपुरती दोन पुरे.